‘निद्रासदृश’ या शब्दाविषयी

सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही शब्द समोर आला की मूळ शब्दाकडे पाहण्याआधी तो त्याला जोडलेल्या विशेषणाकडे किंवा प्रत्ययाकडे पाहतो. ‘अधिकारी’ या शब्दापेक्षा त्यामागचे ‘प्रभारी’ त्याला अधिक सांगून जाते. ‘कर्मचारी’ या शब्दापेक्षा ‘तात्पुरता’ हे विशेषण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण वेतन, रजा आणि निवृत्तिवेतन यांचा निकाल त्या विशेषणावर लागत असतो. निवृत्तीनंतरही ही खोड सुटत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय अशाच एका जोडशब्दाने मला दिला.

माझी भाची बंगळूरला एका संशोधन संस्थेत काम करते. गेल्या दिवाळीत ती आमच्या काचीगुड्याच्या घरी आली असता तिने संगणकावर एक लहानशी चित्रफीत दाखवली. काचेच्या बशीत ओतलेल्या खळीसारख्या थरावर पारदर्शक, बारीक किडे वळवळत होते. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. उघड्या डोळ्यांना ते पांढऱ्या दोऱ्याच्या तुसाइतकेच दिसतील. पुढे त्यातल्या एकाची हालचाल मंदावली, खाणे थांबले आणि तो जागच्या जागी निपचित पडला. त्याच्या शेजारचे इतर किडे मात्र चालतच होते.

मी सहज विचारले, “हा झोपला का गं?”

ती हसून म्हणाली, “मामा, झोपला असं लिहायला आम्ही कचरतो. निद्रासदृश अवस्थेत आहे, असं लिहितो.”

तो ‘सदृश’ माझ्या मनात घर करून राहिला. झोपेसारखे, पण झोप नव्हे! मग झोप म्हणजे नेमके काय, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम या जिवाची ओळख करून देणे अगत्याचे आहे. हा सूत्रकृमी, त्याचे शास्त्रीय नाव सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स. शेतकरी बांधवांना सूत्रकृमी म्हटले की मुळांना गाठी आणणारी कीड आठवते. पण हा त्या जातीचा नव्हे. सडणाऱ्या फळांत, पाल्यात तो राहतो आणि जिवाणू खाऊन जगतो. अंड्यापासून प्रौढ होण्यास त्याला सुमारे तीन दिवस लागतात आणि दोन-तीन आठवड्यांत त्याचे आयुष्य आटोपते. सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञाने १९६३ साली प्राण्यांची वाढ आणि मज्जासंस्था समजून घेण्यासाठी मुद्दाम हा क्षुद्र जीव निवडला. त्याच्या प्रौढ उभयलिंगी देहात प्रजननपेशी वगळता ९५९ पेशी असतात आणि त्यांपैकी ३०२ मज्जापेशी. या ३०२ पेशींच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. ब्रेनर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही हे काम उशिरा आले असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पी. बाबू यांनी या कृमीच्या आनुवंशिकतेवर काम केले आणि त्यांचा शोधनिबंध १९७४ साली, म्हणजे ब्रेनर यांचा या कृमीवरील पायाभूत निबंध निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होती, त्या यानातही हे कृमी होते. १ फेब्रुवारी २००३ रोजी यान कोसळले, सातही अंतराळवीर गेले. काही आठवड्यांनी अवशेषांत सापडलेल्या डब्यांतले कृमी मात्र जिवंत निघाले.

असा हा चिवट जीव प्रौढ होईपर्यंत चार वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी कात टाकण्यापूर्वी दोन-तीन तास निश्चल पडून राहतो. ही सुस्ती संशोधकांना जुनीच ठाऊक होती. तथापि ती झोप आहे का, हा प्रश्न अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेव्हिड रायझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली नीट धसास लावला. त्यांनी लावलेल्या कसोट्या कोणालाही समजतील अशा आहेत. पहिली, ही अवस्था मोडता यावी. टोचले तर जीव हलला पाहिजे, नाहीतर ती मूर्च्छा किंवा मरण. दुसरी, बाहेरच्या गोष्टींची दखल उशिरा घेतली जावी. जागेपणी ज्या वासाने तो चटकन मागे फिरतो, त्याच वासाने आता मागे फिरायला वेळ लागावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ही अवस्था हिरावून घेतली तर नंतर तिची भरपाई व्हावी. म्हणजे जागरण घडले तर नंतरची झोप अधिक गाढ व्हावी. सूत्रकृमी या तिन्ही कसोट्यांना उतरला. फळमाशीमध्ये दिवसरात्रीचे घड्याळ चालवणाऱ्या एका जनुकाचा भाऊबंदही या कृमीत सापडतो, आणि तो कात टाकण्याच्या फेऱ्यांबरोबर वरखाली होत असतो. पुढे २०१३ साली, ही झोप आणण्यासाठी ३०२ पैकी एक विशिष्ट मज्जापेशी आवश्यक असते, असेही जर्मनीतील हेन्रिक ब्रिंगमन यांच्या गटाने दाखवून दिले.

इतके असूनही ‘सदृश’ गेला नाही. भाचीला कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “माणसाच्या झोपेत मेंदूच्या लहरी मोजता येतात. याच्याजवळ तसा मेंदूच नाही. शिवाय त्याला झोपल्यासारखं वाटतं की नाही, ते कोण सांगणार?”

हा दुसरा आक्षेप ऐकताच मला आपल्याकडचा एक जुना वाद आठवला. मांडूक्य उपनिषद जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगते; पतंजली तर निद्रेची गणना चित्ताच्या पाच वृत्तींमध्ये करतो. अद्वैती म्हणतात की गाढ झोपेतून उठलेला माणूस ‘मी सुखाने निजलो होतो, मला काहीच कळले नाही’ असे सांगतो, ते स्मरण आहे. आणि ज्याचा अनुभव नाही त्याचे स्मरण होत नाही, म्हणून झोपेतही साक्षी जागा असतो. नैयायिक म्हणतात की हे स्मरण नसून अनुमान आहे. उठल्यावरची ताजी गात्रे आणि मधल्या काळाचा विसर यांवरून माणूस ‘मी झोपलो होतो’ असा निष्कर्ष काढतो, इतकेच. वाद सूक्ष्म आहे, आणि तो इथे सोडवण्याचा माझा वकूब नाही. पण दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की झोपेबद्दल बोलायला कोणीतरी उठून बसले पाहिजे. कृमी उठून काही सांगत नाही. त्यामुळे आतून पाहणाऱ्या परंपरेच्या दृष्टीने त्याची झोप साक्षीअभावी शाबीत होत नाही.

पण मग शेजारच्या खाटेवर निजलेल्या माणसाचे काय? तो झोपला आहे हे आपण त्याच्या साक्षीवरून थोडेच ठरवतो! श्वास संथ झाला, हाक मारली तर ओ येत नाही, हलवले तर कूस बदलतो, काल जागरण झाले म्हणून आज लवकर निजला, या बाहेरच्या खुणांवरूनच आपण ते ओळखतो. पाळण्यातले मूल तर काहीच सांगू शकत नाही, तरी कोणतीही आई आपले मूल ‘निद्रासदृश अवस्थेत’ आहे असे म्हणत नाही. म्हणजे माणसाला आपण ज्या पुराव्यावर झोप बहाल करतो, त्याच पुराव्यावर कृमीला ‘सदृश’ देतो. शास्त्रज्ञाची सावधगिरी मला मान्य आहे. सिद्ध झाले त्याहून अधिक बोलू नये, हा त्याचा धर्म आहे. परंतु हा प्रत्यय शास्त्रात जितका निरुपद्रवी असतो, तितका तो व्यवहारात नसतो. हे मी स्वानुभवाने जाणतो, आणि तो अनुभव सांगण्यासाठीच ही लेखणी हाती घेतली आहे.

१९८७ सालची गोष्ट. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील एका जिल्ह्याच्या गावी मी नव्याने रुजू झालो होतो. माझ्या अखत्यारीत धान्याचे एक गोदाम होते. त्यावर दोन चौकीदारांच्या जागा मंजूर होत्या. त्यांतील एक निवृत्त झाल्यामुळे जागा रिकामी होती आणि दुसरा, जो तात्पुरत्या नेमणुकीवर होता, तोच दिवसाही आणि रात्रीही गोदाम सांभाळत होता. अधूनमधून त्याचा धाकटा भाऊ येऊन दोन-चार तास बसे, तेवढीच त्याला विश्रांती. हे सारे मला नंतर कळले. त्या रात्री मला एवढेच ठाऊक होते की मी तरुण अधिकारी आहे, मागच्या महिन्यात काही पोती कमी भरली आहेत आणि अचानक तपासणी करणे हे माझे कर्तव्य आहे.

रात्री दोनच्या सुमारास मी पोचलो. कंदील जळत होता. चौकीदार पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपला होता. काठी मांडीवर आडवी, हनुवटी छातीवर. मी मोठ्याने हाक मारली. तो उठला नाही. दुसऱ्या हाकेला डोळे उघडले, पण मी कोण हे उमगायला त्याला काही क्षण लागले. मग धडपडत उभा राहून तो एवढेच म्हणाला, “साब, आँख लग गई.”

मी लेखी खुलासा मागवला. त्याने दुसऱ्याकडून लिहून आणलेल्या खुलाशातही तेच होते, डोळा लागला. मी शेरा मारला की ‘सदर खुलासा समाधानकारक नाही’. त्याची नेमणूक तात्पुरती असल्याने चौकशीचे सोपस्कार लागले नाहीत. नूतनीकरण झाले नाही, इतकेच. सेवेत खंड पडला आणि कायम होण्याची त्याची पाळी गेली. धान्य एक किलोनेही कमी भरले नव्हते.

दोन महिन्यांनी माझ्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात एक फाइल हाती लागली. रिकाम्या जागी दुसरा चौकीदार नेमण्याचा तो प्रस्ताव होता. माझ्या आधीच्या काळात तीन महिने आणि माझ्या काळात दोन महिने, असे पाच महिने तो सहीसाठी पडून होता. फाइलच्या झोपेबद्दल कोणाकडून खुलासा मागवला गेला नाही. मी सही केली. नव्या दोन माणसांत तो मात्र नव्हता. मी त्याला शोधायला हवे होते, शोधले नाही.

मी त्याच्यावर अन्याय केला, हे मला बऱ्याच वर्षांपूर्वी कळले होते. पण त्या अन्यायाचे स्वरूप काय, हे मात्र त्या कृमीने समजावले. मी त्याची झोप ही ‘कृती’ मानली होती. कामचुकारपणा ही कृती आहे. तीत इच्छा असते, निवड असते, म्हणून तिला शासन असू शकते. मी त्याच्या खऱ्याखुऱ्या झोपेला, कळत नकळत, झोपेचे सोंग ठरवले होते. आपल्याकडे म्हणतात की झोपलेल्याला जागे करता येते, सोंग घेतलेल्याला नाही. मी झोपलेल्याला सोंगाची शिक्षा दिली.

कृमीच्या बाबतीत असा घोटाळा होऊच शकत नाही, कारण ३०२ मज्जापेशींच्या जिवावर कोणी आळसाचा आरोप करत नाही. त्याच्या निमित्ताने झोपेची गरज आपल्याला इच्छा, आळस, चारित्र्य यांपासून वेगळी काढलेली, निखळ दिसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्या सुस्तीच्या काळात कृमींना सक्तीने हालते ठेवले. जागरणाची भरपाई करण्यासाठी लागणारा एक जनुक ज्यांच्यात निकामी होता, ते कृमी या सक्तीने अधिक सहज दगावले. तो जनुक मज्जापेशींत पुन्हा चालू केला तरी उपयोग झाला नाही. स्नायूंत चालू केला तेव्हा भरपाई परत आली. याचा अर्थ मला तरी फार मोठा वाटतो. आपण समजतो की झोप ही मनाची विश्रांती आहे आणि शरीर तिच्यात सहभागी होते. इथे तर शरीरच धनको दिसते. २०१७ साली मेंदू नसलेल्या एका जेलीफिशमध्येही झोपेच्या याच खुणा आढळल्या. तेव्हा मन, मेंदू आणि ‘मी सुखाने निजलो होतो’ असे सांगणारा तो साक्षी यांच्याही आधी झोप या पृथ्वीवर आली असावी, असे मानायला जागा आहे.

झोप हे ऋण आहे, ही जाणीव आपल्या परंपरेत नाही असे नाही. फक्त आपण ती देवळात ठेवली आणि कचेरीत आणली नाही. पंढरपुरात आषाढी यात्रेच्या काळात विठोबाचा पलंग काढतात. लाखो वारकऱ्यांना अहोरात्र दर्शन द्यायचे, तर देवाने निजायचे कधी? यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाला ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून काढा देतात आणि पलंग परत येऊन नित्याचे उपचार सुरू होतात. देव निराकार आहे, हे ठाऊक असलेल्या लोकांनीच ही व्यवस्था केली. विटेवर उभ्या असलेल्यालाही जागरणाची भरपाई द्यावी लागते, एवढे त्यांना कळत होते. तसाच तो मुचुकुंद राजा. देवांच्या बाजूने दीर्घकाळ लढल्यावर त्याला वर मागायला सांगितले, तेव्हा त्याने राज्य मागितले नाही, झोप मागितली. भागवतातली ही कथा आपण कालयवनाच्या वधासाठी सांगतो. मला आता ती थकलेल्या शिपायाच्या थकबाकीची कथा वाटते.

आणखी एक दाखला महाभारतातला. अश्वत्थाम्याने जे केले त्याला एक स्वतंत्र पर्व दिले गेले आणि त्याचे नावच सौप्तिक ठेवले गेले. अठरा दिवस कत्तल चाललेल्या युद्धात आणखी काही माणसे मेली, एवढ्याने ते पर्व काळे ठरत नाही. ती माणसे झोपलेली होती, हे त्यातले पाप. झोपलेला जीव स्वतःचे रक्षण भोवतालच्या जगावर सोपवतो. मातीतल्या कृमीलाही शत्रू आहेत. निश्चल पडणे त्याला धोक्याचेच आहे. तरीही कोट्यवधी वर्षांत ही सवय सुटली नाही, याचा अर्थ न झोपण्यातला तोटा त्या धोक्याहून मोठा असला पाहिजे.

इथे वाचक एक रास्त शंका घेतील. झोपेचा मान राखण्याचे कारण मन किंवा बुद्धी नसून केवळ जिवंतपणा आहे असे म्हटले, तर प्रयोगशाळेत कृमीला जागवणारी माझी भाचीही अपराधी ठरते की काय? जैन आचार्यांनी कृमींना द्वींद्रिय जिवांत घातले, स्पर्श आणि रस जाणणारे, आणि त्यांच्या हिंसेचाही दोष मानला. त्या विचाराविषयी मला आदर आहे. पण मी त्या पायरीवर उभा नाही. कृमीला वेदना होते, असे मी म्हणत नाही आणि म्हणू शकत नाही. या गावातल्या माणसाला क्षुद्र जिवांच्या चिरफाडीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १८९७ साली सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी पाहिला, त्याची फळे आपण सारे चाखतो आहोत. माझे म्हणणे याहून माफक आहे. कृमीविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न मी खुला ठेवतो. पण कृमीला जे नाकारता येत नाही, ते माणसाला नाकारू नये, एवढे तरी त्यातून निश्चित निघते. प्रयोगशाळेने जिवाला जागे ठेवले आणि त्यातून काही शिकली. आम्ही माणसाला जागे ठेवले, आणि तो झोपला तेव्हा त्याच्यावर शेरा मारला. शिकलो काहीच नाही.

दुसरी शंका अधिक व्यावहारिक. चौकीदाराने झोपायचे, तर गोदाम राखायचे कोणी? शंका खरी आहे. झोपेची गरज सिद्ध झाली म्हणून पहाऱ्याची गरज नाहीशी होत नाही. रेल्वेचा चालक, रुग्णालयातली परिचारिका, सीमेवरचा जवान यांच्या जागण्यावर आपली झोप उभी असते. पण म्हणूनच उत्तर झोपणाऱ्याच्या खुलाशात शोधायचे नसून हजेरीपटात शोधायचे असते. एका माणसाचे जागणे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू झाले पाहिजे, आणि ती दुसरी जागा भरणे हे वरच्या माणसाचे काम. ती न भरता झोपेला गुन्हा म्हणणे म्हणजे कर्ज आपण काढून वसुली दुसऱ्याच्या दारी नेण्यासारखे आहे.

२३ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात निकाल दिला. मध्यरात्री झोपलेल्या जमावावर पोलिसांनी केलेल्या कारवाईचा तो खटला होता. त्यात झोप ही माणसाची मूलभूत गरज असून राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काशी ती निगडित आहे, असे मत नोंदवले गेले. निकाल मी सेवेत असतानाच वाचला होता. वाचून फाइल करून टाकला. कायदा माणसाला बाहेरून सांगतो. आत शिरायला कधी कधी एक मिलिमीटरचा कृमी लागतो.

आमच्या घरापासून काचीगुडा स्टेशन दूर नाही. रात्री उशिरा गाडीची शिटी ऐकू येते. अलीकडे झोप कमी झाल्याने ती बहुधा ऐकूच येते. गल्लीच्या तोंडाशी नव्या इमारतीचा पहारेकरी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो. परवा मी खिडकीतून पाहिले, त्याची मान छातीवर टेकली होती. खाली जाऊन मी त्याला उठवले नाही. सकाळी मात्र त्या इमारतीच्या सोसायटीच्या सचिवांना गाठून विचारले, की रात्रीचा माणूस दिवसा कुठे असतो. त्यांना ठाऊक नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की तो दिवसा दुसऱ्या एका इमारतीवर पहारा देतो. दोन्ही ठिकाणचे पगार मिळून त्याचे घर चालते.

सचिव म्हणाले, “मग काढून टाकू का त्याला?”

मी म्हटले, “नको. आधी दुसऱ्या माणसाचं बघू या, आणि याच्या पगाराचंही.” ते अजून ‘बघतो’च म्हणत आहेत. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, असे पत्र मी त्यांना दिले आहे आणि त्याची पोच घेतली आहे.